एकसष्ट अंश

माझं डोकं ठिकाणावर नाही, असा निकाल माझ्या मुलाने एका रविवारी दुपारी माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्याच हातचा चहा पीत दिला. आई आता एकटी राहू शकत नाही, गरम नळ कुठला आणि गार कुठला हे तिला समजेनासं झालंय, तेव्हा पुढच्या रविवारी तिचं सामान बांधायचं, तिला आपल्याकडे न्यायचं आणि हे घर भाड्याने द्यायचं, असं सगळं ठरलं होतं. भाडेकरूही बघून ठेवला होता. मला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

पुरावा माझ्या उजव्या खांद्यावर होता. बुधवारी सकाळी मी शॉवरखाली उभी होते. पाणी छान, हवं तसं. आणि एकाएकी ते इतकं कढत झालं की मी किंचाळून भिंतीला चिकटेपर्यंत खांद्यापासून पाठीपर्यंत पट्टा भाजून निघाला. संध्याकाळपर्यंत फोड आले. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि वर मला न विचारता मुलाला फोन केला. तसे छोटे चटके दोन महिने बसतच होते, पण ते मी कोणाला सांगितले नव्हते. सांगितलं असतं तर हा निकाल दोन महिने आधी लागला असता.

"मी नळाला हात लावला नव्हता," मी मुलाला सांगितलं. "पाणी आपोआप तापलं."

"आई, पाणी आपोआप तापत नाही." तो लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होता, त्यानेच माझा अर्धा जीव गेला. मग बाही वर करून तो न्हाणीघरात गेला, दोन्ही नळ सोडून दहा मिनिटं शॉवरखाली हात धरून उभा राहिला. पाणी अगदी शहाण्यासारखं वागलं. "बघ. काही बिघाड नाही. तू गारचा समजून गरमचा फिरवलास."

"आणि आई, ते हाका मारणं," सून हळूच म्हणाली. ती वाईट नाही. पण हळूच बोलणारी माणसं मला भारी पडतात. "त्या दिवशी मी इथे झोपले होते ना, तेव्हा सकाळी तुम्ही बाथरूममध्ये जाऊन ओरडलात, 'मी पाण्यात!' घरात आपण दोघीच. मी जागी आहे हेही तुम्हाला माहीत नव्हतं. कोणाला सांगत होतात?"

मुलाने मान खाली घातली. त्याला चांगलं माहीत होतं मी कोणाला सांगत होते ते. तरी बायकोला ते न सांगता तो चहा पीत राहिला.

आमच्या घरातले पाइप लोखंडी, घराइतकेच म्हातारे. आतून क्षार साचून त्यांची भोकं करंगळीएवढी उरलीयत. एक जण शॉवरखाली असताना दुसऱ्याने घरात कुठेही नळ सोडला की गार पाणी तिकडे पळायचं आणि आतल्याला चटका बसायचा. यावर माझ्या नवऱ्याने उपाय काढला होता. आत शिरणाऱ्याने ओरडायचं, "मी पाण्यात!" आणि घरात असतील तेवढ्यांनी हातातला नळ फिरवून उत्तर द्यायचं, "बंद!" उत्तर आल्याशिवाय आतल्याने शॉवर चालू करायचा नाही. पाइप बदलण्यापेक्षा माणसं बदलणं सोपं, असं त्याचं म्हणणं. तीस वर्षं आम्ही हे केलं, आलेल्या पाहुण्यांनाही करायला लावलं. सगळ्यात मोठ्याने ओरडायचा तो हाच माझा मुलगा. पुढे तो लग्न करून आपल्या घरी गेला, नवरा जगातून गेला, आणि उत्तर द्यायला कोणी उरलं नाही. पण माझं ओरडणं सुटलं नाही. तोंडाची सवय. ती आता वेडाच्या यादीत जमा झाली होती.

"मी तुझ्यासाठी काय कमी करतो का?" मुलगा म्हणत होता. "वाकून कपडे धुवायला नकोत म्हणून मशीन आणलं. बटणांवरची अक्षरं दिसत नाहीत म्हणून ते मी तिकडून माझ्या फोनवरून सुरू करतो. तू फक्त आदल्या संध्याकाळी कपडे टाकून ठेवतेस. सगळं करतो. पण तू शॉवरखाली असताना मी तिकडून काय करणार, सांग?"

खरंच करायचा तो. मी मावशीकडे आठ दिवस गेले होते तेव्हा मागच्या गॅलरीत मशीन बसवून घेतलं होतं त्याने, मला चकित करायला. खांदा ठणकत होता, वाद घालायचं त्राण नव्हतं. मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे हो, असंच सगळे धरतात.

ते दोघं गेल्यावर मी कपबश्या विसळल्या आणि मग मला जो काही राग आला! कारण मी कोण ते सांगायला हवं. एकतीस वर्षं मी दूध डेअरीच्या तपासणी खोलीत काढली. दूध किती अंशांवर आहे आणि किती वेळ आहे, हे बघायचं आणि तक्त्यात मांडायचं, हेच माझं काम. मागून सगळे मला थर्मामीटरबाई म्हणायचे, निवृत्तीच्या दिवशी तोंडावरही म्हणाले. गरम आणि गार यांतला फरक कळत नाही असं जगात कोणालाही म्हणा. मला म्हणायची हिंमत करायची नाही.

पण रागाच्या खाली भीती होती, ती का लपवू? मागच्या महिन्यात मी दुधाखालचा गॅस चालू ठेवून शेजारी गेले होते. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला होता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी माझा उजवा हात हलवून बघितला आणि आठवायचा प्रयत्न केला, बुधवारी हा हात कुठे होता? नळावर होता का? आणि मला छातीठोकपणे सांगता येईना. त्या एका गोष्टीने मी जितकी हादरले तितकी फोडांनी नव्हते हादरले.

सोमवारी सकाळी उठले आणि जुन्या ट्रंकेतून डेअरीचा थर्मामीटर काढला. लांब दांड्याचा, स्टीलचा, टोकाला काट्याची तबकडी, निवृत्तीनंतर मी तो तसाच घरी आणला होता आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. उकळत्या पाण्यात धरून तपासला, बर्फात धरून तपासला. बरोबर होता. तो चिकटपट्टीने शॉवरच्या मानेला असा बांधला की सगळी धार त्याच्यावरून जाईल. दोन्ही नळ जुळवून पाणी एकोणचाळीस अंशांवर आणलं. मग दारात स्टूल टाकून बसले. समोर घड्याळ, मांडीवर कॅलेंडरचं मागचं कोरं पान, आणि दोन्ही हात त्या पानावर. ओरडले मात्र नेहमीसारखीच, "मी पाण्यात!" सवय ती सवय.

दर मिनिटाला आकडा मांडत गेले. एकोणचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस. पाऊण तास होत आला होता आणि मी स्वतःलाच दोन शिव्या देणार, तेवढ्यात थर्मामीटरचा काटा हलला. पंचेचाळीस. बावन्न. एकसष्ट! न्हाणीघर वाफेने भरलं. तीन मिनिटं तसंच राहून पाणी आपलं आपण खाली आलं. आणि माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते उचलून डोळ्यांसमोर धरून बघितले, आणि मला रडू आलं. सत्तरी ओलांडलेली बाई न्हाणीघराच्या दारात स्टुलावर बसून स्वतःच्या हातांकडे बघून रडतेय, हे कोणी बघितलं असतं तर त्याच दिवशी उचलून नेलं असतं मला. दुधातले रोगजंतू मारायला त्रेसष्ट अंश आणि अर्धा तास लागतो. अजून दोन अंश चढले असते आणि मी आत टिकले असते, तर माझं रीतसर पाश्चरायझेशन झालं असतं.

लगेच मुलाला फोन लावला. सगळे आकडे वाचून दाखवले.

"आई, तो थर्मामीटर किती वर्षांचा आहे?" त्याने विचारलं. "आणि हे सगळं लिहिलं कोणी? तूच ना?"

मी फोन ठेवून दिला. एकतीस वर्षांत माझ्या तक्त्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

मंगळवारी प्लंबर आला. हा आमच्या नळांचा जुना वैद्य. त्याने गिझर उघडला, आतला तापमान राखणारा भाग गंजून अडकला होता तो बदलला, बाहेरची कळ आता हवी तशी कमी-जास्त फिरू लागली. नळांचे वायसर बदलले. मग शॉवर चालू करून अर्धा तास दोघं काट्याकडे बघत बसलो. एकोणचाळीसवरून हलायला तयार नाही.

"झालं, काकू. आता बघायला नको," तो पाना पुसत म्हणाला. आणि मग जरा घुटमळला. "तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता. म्हणाले, काकू काहीही सांगतील, फार मनावर घेऊ नका. गरम नळाला लाल पट्टी लावून या म्हणाले." त्याने खिशातून खरंच लाल चिकटपट्टी काढली.

"लाव की," मी म्हटलं. "आणि गारच्या नळाला निळी लाव. आणि माझ्या कपाळाला पिवळी लाव, म्हणजे कोण कुठे ठेवायचं ते सगळ्यांना कळेल."

बिचाऱ्याने पट्टी परत खिशात घातली. त्याचा काय दोष? पण त्याच्यावर राग काढून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवारी पुन्हा स्टूल, पुन्हा पान. गिझर नवा झालेला. आठला दहा कमी असताना काटा सरळ एकसष्टवर. म्हणजे गिझर निर्दोष. पण या वेळी मी काट्याकडे न बघता धारेकडे बघत होते, आणि मला दिसलं की पाणी तापतं तेव्हा धार बारीक होते. गरम वाढत नव्हतं. गार कमी होत होतं.

डेअरीत एकदा असंच झालं होतं. दुधाचं तापमान मधूनच घसरायचं आणि पाळीवरच्या माणसाला नोटिसा मिळायच्या. आमचे जुने साहेब म्हणाले, "तापमान आपणहून हलत नाही. कुठेतरी कोणीतरी ओढतंय. ओढणारा शोधा, आणि शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला." शोधलं तर पलीकडच्या खोलीत कॅन धुणारे वाफ ओढत होते. ही दोन वाक्यं माझी आयुष्यभराची पुंजी आहे. इतरांना काय काय वारशात मिळतं, मला हे मिळालं.

म्हणजे माझं गार पाणीही कोणीतरी ओढत होतं. तीस वर्षं आम्ही एकमेकांना ओरडून सांगत होतो तेच. फक्त आता घरात मी एकटी होते. मग नळ कोण उघडत होतं? खरं सांगते, भर सकाळी अंगावर काटा आला.

वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले. म्हटलं, तुमचे सगळे नळ एकदम सोडा, संडासची टाकी ओढा. त्यांनी काही न विचारता सोडले, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. माझा काटा ढिम्म. गुरुवारी घरातले नळ एकेक करून तपासले. स्वयंपाकघरातला सोडला, सेहेचाळीस. बेसिनचा सोडला, त्रेचाळीस. एकसष्टच्या जवळपासही कोणी जाईना. आणि गुरुवारी काटा आपणहून एकदाही उडाला नाही. मी पान समोर धरलं. सोमवारी उडी, मंगळवारी नाही, बुधवारी उडी, गुरुवारी नाही. भुताला वारांचं एवढं भान असतं होय?

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे मशीनमध्ये कपडे टाकले, साबण टाकला, गोल काचेचं दार लावलं आणि आत येऊन पुन्हा त्याच कागदाकडे बघत बसले. आपल्याच हाताने आपण काय करतोय हे माणसाला दिसत नाही, ते असं.

शुक्रवारी ठरवलं, की या वेळी बसून राहायचं नाही. काटा उडाला रे उडाला की ओढणाऱ्याला रंगेहाथ पकडायचं. आठ वाजायला पाच मिनिटं होती. काटा चढायला लागला आणि मी स्टुलावरून उठून घरभर पळाले. पळाले म्हणजे माझ्या गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढी. स्वयंपाकघर कोरडं. बेसिन कोरडं. संडासात शांतता. मग पाइपला कान लावला. पाण्याचा आवाज मागून येत होता. गॅलरीचं दार उघडलं.

मशीन घटाघटा पाणी पीत होतं. कुठून तरी उपाशी आल्यासारखं.

मी त्याच्यामागे वाकून बघितलं. गॅलरीत जुना नळ आहे, मशीनची नळी त्यालाच जोडलेली असणार असं मी अडीच महिने धरून चालले होते. तो नळ कोरडा, त्यावर कोळ्याचं जाळं. मशीनची नळी भिंतीत नव्या पाडलेल्या भोकात शिरली होती, भोवती पांढरं सिमेंट. भिंतीपलीकडे माझं न्हाणीघर. आत जाऊन बेसिनखालची बादली सरकवली. शॉवरला गार पाणी नेणाऱ्या पाइपाला तिथे एक चकचकीत नवा फाटा फोडला होता. मी त्याच्यासमोर रोज दात घासत होते. प्लंबरही तिथेच उभा होता, पण तो वर गिझरकडे बघत होता.

मी जमिनीवरच बसले. ओढणारा सापडला होता. आणि मग एकेक गोष्ट जुळत गेली. मशीनला पाणी कोण ओढायला लावतं? मी नाही. ते मुलाच्या घरून सुरू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तो सकाळी चहाला बसला की फोनवर बोट ठेवतो, आणि इकडे मी शॉवरखाली असते. रविवारी तो इथे असतो तेव्हा मशीन बंद, म्हणून रविवारी पाणी शहाणं. भाजल्या खांद्याचा बुधवारसुद्धा त्याच्याच बोटाचा. "मी पाण्यात!" असं मी रोज ओरडत होते, पण ऐकणारा तिकडे चहा पीत होता.

फोन उचलला होता, पण लावला नाही. फोनवर त्याने म्हटलं असतं, आई, हे तुला कोणी सांगितलं? शनिवारी चष्मा आणि भिंग घेऊन मशीनचं सुरू करायचं बटण शोधलं. हिरवं, उजवीकडचं, काही कठीण नव्हतं. तीन वेळा मशीन लावलं, तीन वेळा काटा उडाला. मशीनच्या नळीची चावी बंद करून लावलं तेव्हा उडाला नाही. सगळं पानावर मांडलं. मग गिझरची बाहेरची कळ फिरवून अठ्ठेचाळीसवर आणली. कितीही झालं तरी मुलाचा हात आहे.

रविवारी ते दोघं रिकामी खोकी घेऊन आले. सुनेने येताना लेबलंसुद्धा लिहून आणली होती. भांडी, कपडे, देव, किरकोळ. मी कुठल्या खोक्यात ते विचारावंसं वाटलं, पण जीभ आवरली.

"बांधूया," मी म्हटलं. "त्याआधी एक काम. ये इकडे, शॉवरखाली हात धर."

"आई, मागच्या रविवारी धरला होता ना?"

"आज पुन्हा धर. माझी शेवटची इच्छा समज."

त्याने सुनेकडे एक नजर टाकली, ती नजर मी टिपली. पण आला. बाही वर केली, उजवा हात धारेखाली धरला. मी पाणी एकोणचाळीसवर जुळवून दिलं आणि नळांपासून चार पावलं लांब, दारात, हात मागे बांधून उभी राहिले. सुनेला माझ्या शेजारी उभं केलं. "माझे हात कुठे आहेत ते बघून ठेव," मी तिला सांगितलं.

मग मुलाला म्हटलं, "आता डाव्या हाताने फोन काढ. आणि सोमवारी, बुधवारी करतोस तसं मशीन सुरू कर. कपडे टाकलेत आत."

"आत्ता? कशाला?"

"रोज विचारतोस का कशाला? कर."

त्याने अंगठा फिरवला. मागच्या गॅलरीतून एक बारीक टिंग ऐकू आलं. आम्ही तिघं थांबलो. सून माझ्या हातांकडे बघत होती, मी धारेकडे. धार बारीक झाली. काटा चढायला लागला.

"आई, गरम होतंय."

"आपोआप का?"

"आई!" त्याने हात असा मागे खेचला की फोन पडता पडता वाचला आणि सगळं पाणी त्याच्या शर्टावर उडालं. मी पुढे होऊन नळ बंद केले, बेसिनखालची बादली बाजूला सारली आणि तो चकचकीत फाटा दाखवला. बोलायची गरज पडली नाही. त्याने फाट्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग हातातल्या फोनकडे. तो हुशार आहे, माझाच आहे.

"बसवणारा माणूस म्हणाला, गॅलरीतला नळ गंजलाय, इकडून जवळ पडेल," तो पुटपुटला. "मी म्हटलं, घे."

"याच घरात वाढलास ना तू? एक जण पाण्यात असताना दुसऱ्याने पाणी घ्यायचं नाही, हे तुला बोलता यायच्या आधी शिकवलं होतं आम्ही."

त्याचा हात लाल झाला होता, तो दुसऱ्या हाताने चोळत होता.

"आज गिझर अठ्ठेचाळीसवर आहे," मी म्हटलं. "तुझ्या हातासाठी कमी केला मी. माझ्या खांद्याला एकसष्ट होतं."

तेव्हा त्याने माझ्या खांद्याकडे बघितलं. दहा दिवसांत पहिल्यांदा, नीट. त्याचे डोळे भरून आले आणि माझा राग, जो मी आठवडाभर जपून ठेवला होता, थोडा पातळ झाला. थोडाच.

"आई, मी तिकडे चहा पीत होतो," तो म्हणाला. "त्या बुधवारी. मला आठवतंय."

"पुरे," मी म्हटलं. "तुला माहीत नव्हतं. मशीनबद्दल माझी तक्रारच नाही. उद्या प्लंबर येऊन तो फाटा काढेल, गॅलरीतला गंजका नळ बदलेल आणि नळी त्याला जोडेल. हे जुने पाइपही बदलून घेणार आहे मी. आणि मशीन यापुढे मी लावणार, माझ्या बोटाने. हिरवं बटण, उजवीकडचं."

सुनेने दबकत विचारलं, "मग ही खोकी?"

"परत न्या. आणि त्या भाडेकरूला सांगा, घरात बाई राहते."

"आई, पण तुझं वय झालंय, हे तर खरं ना?" मुलगा म्हणाला. हरल्यावरही एक मुद्दा हातात ठेवायची त्याला बापाची खोड.

"झालंय. नाही कधी म्हटलं मी? उद्या पडेन, आजारी पडेन, खरंच विसरायला लागेन. तेव्हा मीच तुला फोन करीन आणि मुकाट्याने येईन. पण एक लक्षात ठेव. मी सांगितलं होतं, नळाला हात लावला नाही. एवढं एकच वाक्य. ते तुला खरं वाटलं नाही, आणि मी लिहिलेला आकडा तुला खरा वाटला नाही. प्लंबरला तू लाल पट्टी घेऊन पाठवलंस. खांद्याचे फोड बसले. याचा फोड अजून तसाच आहे."

मला वाटलं होतं हे ऐकवताना मी ओरडेन. आवाज चढलाच नाही. कदाचित म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो तसाच ओल्या शर्टाने उभा राहिला, अगदी शाळेतून भिजून आल्यासारखा.

"भिजलाच आहेस तर आंघोळ करून घे," मी म्हटलं आणि कपाटातून टॉवेल काढून दिला. गॅलरीत जाऊन मशीनच्या नळीची चावीही बंद केली.

सून स्वयंपाकघरात कपबश्या विसळायला लागली. मी ओट्याला टेकून उभी होते. न्हाणीघराचं दार लागलं, कडी लागली. पण शॉवर सुरू होईना. मला वाटलं, रडतोय की काय.

मग आतून आवाज आला. चाळीस वर्षांच्या बाप्याचा, पण ठेका तोच, दहा वर्षांच्या पोराचा.

"मी पाण्यात!"

सुनेच्या हातात बशी, समोर नळ भसाभसा वाहत होता. तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून उभी राहिले. शिकू दे.

"मी पाण्यात!" तो पुन्हा ओरडला, या वेळी सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

सुनेने नळ फिरवला, एकदा, आणि खात्रीसाठी आणखी एकदा घट्ट. मग दाराकडे तोंड करून, नेहमीचं हळू बोलणं सोडून, ती ओरडली, "बंद!"

तेव्हा कुठे आत शॉवर सुरू झाला.